लोंबकळायचा धीर

“ओढली! हातानं ओढली बघ. गेली आता,” दादा म्हणाला, आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत ती मुलगी गेलीच.

तिची बांबूउडीची काठी अर्ध्या वाटेपर्यंत उठली, तिथं क्षणभर थबकली आणि आली त्याच बाजूला परत कलली. मुलगी काठीला बिलगूनच खाली आली, कशीबशी पायांवर उतरली आणि सगळा दोष हातांचा असल्यासारखी तळव्यांकडे बघत राहिली. दोन खांबांवरची आडवी दांडी जागची हललीसुद्धा नव्हती.

पुढच्या पायरीवर बसलेल्या बाईंनी मान वळवून दादाकडे एक जळजळीत नजर टाकली.

“हळू बोल ना रे,” धाकटी त्याच्या कानाशी लागली. “आई असेल तिची.”

“मग ऐकू दे की आईला. धावली झकास, काठी टेकवली झकास, उडाली पण झकास. आणि वर गेल्या गेल्या पाय पोटाशी! गाठोडं नुसतं. तुझंच सोंग आहे हे.”

“माझं नाव कशाला घेतोस मधे?”

“तुझंच. अगदी तस्संच.”

धाकटीला हसू आलं. तिची पासष्टी उलटून गेली होती, गुडघे कुरकुरत होते, इस्पितळातली नोकरी संपून पेन्शन सुरू झाली होती, तरी भावाच्या लेखी ती धाकटीच. ज्यांच्याहून ती धाकटी होती ती माणसं एकेक करून संपली. या नावानं हाक मारणारा आता हा एवढाच उरला होता.

आणि त्याचीही आठवण गेली दोन-तीन वर्षं उसवत चालली होती. वीज कंपनीत लाइनमन म्हणून त्यानं उभी हयात काढली. कुठल्या गल्लीत कुठला खांब, कुठल्या खांबावरून कुणाच्या घरात वायर गेली, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. तोच माणूस आता स्वतःच्या गल्लीत चुकायचा. खांब दिसला की थांबायचा, ओळखीच्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्याला चापट मारायचा आणि मग पुढं कुठं निघालो होतो ते विसरून जायचा. तो राहायचा मुलीकडे. तिला कधी मुलगी म्हणून ओळखायचा, तर कधी दारात उभा राहून अदबीनं विचारायचा, “तुमचं मीटर बरोबर चालतंय ना बाई?” पोरगी बिचारी आत जाऊन रडायची आणि बाहेर येऊन सांगायची, “हो हो, चालतंय.”

मुलींच्या बांबूउडीची स्पर्धा आपल्या शहरात आहे, हे धाकटीनं पेपरात वाचलं आणि तिनं भाचीला फोन केला. “मी नेते त्याला.” भाचीनं दोघांना गाडीतून दारापर्यंत सोडलं. “आत्या, बाबा कंटाळले तर लगेच फोन कर. आणि उन्हात बसवू नकोस,” एवढं बजावून ती कामाला गेली.

पण आज स्वारी खुशीत होती. सकाळपासून एकही चूक नाही. धाकटीला बघून, “काय गं, वाळलीस किती!” म्हणाला, स्वतःच्या हातानं बूट घातले, आणि मैदानात शिरल्याबरोबर मुलींच्या धावायच्या पट्ट्याच्या बाजूची, ऊन पाठीला घेणारी बरोबर जागा निवडून बसला. फक्त पहिली मुलगी धावत आली आणि तिच्या हातातली काठी धनुष्यासारखी वाकली, तेव्हा तो अर्धवट उठलाच होता.

“मोडली! अगं, मोडली ती!”

“मोडत नाही रे. आताच्या काठ्या वाकतात. त्याच वर फेकतात.”

“फेकतात? मग पोरीनं काय करायचं? नुसतं बसायचं वर?” तो खाली बसला, पण पुढच्या तीन मुली होईपर्यंत त्याचा त्या काठ्यांवर विश्वास बसला नाही. मग त्यानं काठीकडे बघणंच सोडून दिलं आणि पायांकडे बघायला लागला. तिथं सगळं ओळखीचं होतं.

त्या दोघांचं लहानपण वीज कंपनीच्या वसाहतीत गेलं. वडील स्टोअरमध्ये कारकून होते. घराच्या मागे एक रुंद गटार वाहायचं आणि गटारापलीकडे खांबांचं गोदाम होतं. तिथं वायरीची मोठमोठी रिळं, चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर आणि रचून ठेवलेले लाकडी खांब. दादा तेव्हा शहरभरात बांबूउडीसाठी नावाजलेला होता. त्याचा बांबू त्यानं स्वतः निवडून आणलेला, पेर न् पेर हात फिरवून तपासलेला आणि तडकू नये म्हणून वायरीला लावायच्या काळ्या पट्टीनं जागोजाग गुंडाळलेला होता. मैदानापर्यंत तो बांबू वाहून नेण्याचं काम धाकटीचं. जाताना पुढचं टोक तिच्या खांद्यावर आणि मागचं दादाच्या. परत येताना दादा मित्रांबरोबर मागं रेंगाळायचा आणि सगळा बांबू तिच्या गळ्यात पडायचा.

अशाच एका संध्याकाळी तिला गटाराला वळसा घालून जायचा कंटाळा आला. बांबू तिच्या हातात होताच. ती चार पावलं धावली, बांबू गटाराच्या मधोमध टेकवला आणि पलीकडे गेली. अलगद गेली म्हणता येणार नाही. चिखलात गुडघे टेकले, फ्रॉकचा घेर फाटला. पण गेली. मागून येणारा दादा तिथंच थांबला. तो रागावेल म्हणून ती रडायच्या बेतात होती.

“परत कर,” तो म्हणाला.

“काय?”

“आत्ता केलंस ते. इकडून तिकडं.”

पुढच्याच वर्षी तो कंपनीत लाइनमन म्हणून लागला आणि खांबावरून पडला. वादळात तुटलेली लाइन जोडायला चढला होता, पट्टा निसटला. जिवावरचं टाचेवर निभावलं. पण टाचेच्या हाडाचा चुरा झाला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, चालशील, नोकरी करशील, पण धावायचं विसर. दादानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी बांबू खाली काढला, पुसला आणि धाकटीच्या हातात दिला. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल.

“ती काय माकड आहे का बांबूवर चढायला?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“चढायचं नसतं आई. झुलायचं असतं.”

“मग पाळणा बांधून दे अंगणात. झुलू दे.”

पण पोरगी फ्रॉकवर मैदानात जाते हे बघवेना, तेव्हा त्याच आईनं दादाची जुनी खाकी पँट उसवून तिच्या मापाची करून दिली. वर पुन्हा बजावलं, “ही मी शिवली असं कुणाला सांगायचं नाही.”

धावायला धाकटी चपळ होती. बांबू जमिनीत पुरलेल्या पेटीत नेमका टेकवायला ती महिन्याभरात शिकली. उडतानाही तिचा पाय मागेपुढे पडायचा नाही. घोडं अडलं ते जमीन सुटल्यावर. पाय जमिनीवरून उचलले गेले रे गेले की तिचे दोन्ही गुडघे आपोआप छातीशी यायचे आणि हात बांबूला ओढायला लागायचे. लहान पोर आईला बिलगतं तशी ती बांबूला बिलगायची. बांबू अर्धा उठायचा, थांबायचा आणि तिला घेऊन परत यायचा.

दादा उडी झेलायला टाकलेल्या भुश्याच्या ढिगाशेजारी गवतात आडवा पडून खालून बघायचा. “मागचा पाय! तो मागं लांब सोड. पुढचा गुडघा वर, मागचा पाय लांब. आणि तो लांबच्या लांब खालून पुढं आण. केर काढल्यासारखा. जमीन झाडत आण तो पाय.”

“झाडतेच आहे ना!”

“झाडत नाहीस, गुंडाळतेस. लांब पायाला वेग असतो. पाय दुमडलास की वेग मेला. मग वर काय हातानं जाणार? हातात एवढा जोर असता तर बांबू कशाला हवा होता?”

ती मान डोलवायची आणि पुढच्या उडीला पुन्हा गाठोडं व्हायची. सगळा उन्हाळा असा गेला. दादाच्या नाकावर राग आधीपासूनच, त्यात घरी बसून तो आणखी तिखट झालेला. एके दिवशी त्यानं तिला ओळीनं इतक्या वेळा “पाय!” म्हणून ओरडून सांगितलं की तिचा तोल सुटला. तिनं बांबू भुश्यात भिरकावला.

“सोपं वाटतंय ना एवढं? मग तूच उड की!”

शब्द तोंडातून गेल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. मैदानावर कुणीच नव्हतं. दादा उठला, लंगडत गेला, भुश्यातून बांबू उचलला, त्याचं टोक झटकलं आणि तो खांद्यावर टाकून एकटाच घरी निघाला. धाकटी बरंच अंतर ठेवून मागून चालत राहिली. पुढचं टोक उचलायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिला म्हणाला, “चल.” एवढंच.

त्यानं तिला गोदामात नेलं. तिथल्या तुळईला त्यानं खांब उचलायचा जाड दोर बांधला होता. दोराच्या पुढं, बऱ्याच उंचावर, सुतळीनं एक रिकामा डबा टांगला होता.

“बांबू राहू दे आता. हा दोर धर. उजवा हात वर, डावा खाली. पळत ये, उडी मार आणि लोंबकळ. काही करायचं नाही. नुसतं लोंबकळायचं.”

“आणि?”

“आणि काही नाही. तुला वर जायची फार घाई आहे. वर जायचं नंतर बघू. आधी खाली लटकायला शीक. त्याला धीर लागतो.”

मग किती दिवस ती नुसती लोंबकळत राहिली. खांदे कानांना लागेपर्यंत हात सैल सोडायचे, छाती पुढं, मागचा पाय मागं लांब. तो पाय सरळ ठेवून पुढं झोकला की आपोआप कंबर वर यायची. कंबर आली की पाय डोक्याच्या वर जायचे. आणि पाय सरळ असेल तरच तो त्या डब्यापर्यंत पोचायचा. गुडघा जरासा दुमडला तरी डबा वीतभर लांब राहायचा. दादानं नेमकं माप घेऊन टांगला होता तो. आता तो “पाय!” म्हणून ओरडत नसे. डबा वाजला नाही की दोघांनाही कळायचं.

स्टोअरकीपर येऊन बघून गेला. “ही काय सर्कस लावली आहे सरकारी जागेत?” म्हणाला. दादानं शांतपणे सांगितलं, “दोराची ताकद तपासतोय साहेब.” साहेबानं धाकटीकडे बघितलं, दोराकडे बघितलं, “तपासा नीट,” म्हणाला आणि निघून गेला.

डबा वाजला तो मात्र अगदी गबाळ्या दिवशी. सकाळी नळाला पाणी नव्हतं. धाकटीनं हातपंपावरून घरच्यासाठी आणि शेजारच्यांसाठी बादल्या भरून आणल्या. मग आईनं चादरी पिळायला लावल्या. दुपारी ती गोदामात आली तेव्हा तिचे दंड भरून आले होते, मूठसुद्धा नीट वळत नव्हती.

“आज नको रे दादा. हातात जीव नाही.”

“एकदाच. मग जा.”

ती पळाली, उडाली, दोर धरला. आणि ओढायचं बळच नसल्यामुळे तिनं ओढलं नाही. पहिल्यांदाच ती खरी लोंबकळली. खांद्यापासून टाचेपर्यंत सगळं अंग एका ओळीत ताणलं गेलं, मागचा पाय मागं कुठल्या कुठं राहिला, आणि मग तो निघाला. तिनं काही केलं नाही. तो निघालाच. खालून, जमिनीजवळून, घोंगावत आला आणि तिला उचलून घेऊन गेला. डबा वाजला तो आवाज तिला आपला वाटलाच नाही. उलट्या डोक्यानं तिनं बघितलं तेव्हा दादा रिळावरून उठून उभा राहिला होता.

“काय केलंस?”

“काहीच नाही.”

“तेच! तेच ते! परत काहीच नको करूस!”

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा आई चुलीपाशी होती. मान वर न करता म्हणाली, “वाजला वाटतं आज.” म्हणजे इतके दिवस गटाराच्या अलीकडे बसून आई कान लावून होती.

दोरावरून बांबूवर यायला आणखी बरेच दिवस गेले. दोर मऊ, बांबू कडक. पण अंगाला एकदा खूण पटली की ती जात नाही. हिवाळ्यापर्यंत तिची कंबर खांद्यांच्या वर जायला लागली. आता स्पर्धा यायची वाट बघायची.

स्पर्धा आली. दादा नाव द्यायला गेला आणि तसाच परत आला. “मुलींच्यात बांबूउडी नाहीच म्हणे. धावणं आहे, लांब उडी आहे. भालाफेक आहे.”

“मग मुलांच्यात घाला म्हणावं.”

“तसं चालत नाही म्हणतात.”

धाकटीनं तोंड फिरवलं. एवढ्या दिवसांत तिनं हे विचारलंच नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं. दोघांनी गटारापासून दोरापर्यंत सगळं केलं, पण शेवटी ते कुठं नेऊन ठेवायचं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी दादा तिला घेऊन गेलाच. मुलांची बांबूउडी संपली, जिंकलेल्याला खांद्यावर घेऊन पोरं निघून गेली, तेव्हा तो कवायतीच्या मास्तरांपुढं जाऊन उभा राहिला. मास्तर मोजपट्टी गुंडाळत होते.

“मास्तर, दांडी काढायच्या आधी हिला उडू द्या.”

“अरे, कशात धरू मी ते?”

“कशातच धरू नका. नुसतं उडू द्या.”

मास्तरांनी आधी दादाच्या टाचेकडे बघितलं, मग धाकटीच्या खाकी पँटकडे. शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, “लवकर आटपा.”

पहिल्या उडीला तिची पाचावर धारण बसली आणि ती जुनंच गाठोडं होऊन परत आली. गवतात बसलेली दोन-चार मुलं हसली. दुसऱ्या वेळी ती धावली, बांबू टेकवला आणि उडाली. मग तिनं स्वतःला लोंबकळू दिलं. त्या एका क्षणात वर जायची कसलीच घाई नव्हती. मागचा पाय आला, कंबर गेली, पाय गेले, आकाश पायांखाली आलं, आणि उलट्या जगात तिला भुश्याच्या कडेला दादा दिसला. दुखरी टाच उचलून चवड्यांवर उभा, दोन्ही हात वर धरलेला, जणू तोच तिला खालून ढकलत होता. तिनं बांबू सोडला. दांडी तिच्या पोटाखालून गेली. ती भुश्यात पाठीवर पडली आणि दांडीकडे बघत राहिली. दांडी जागेवर होती.

“गेली की!” मास्तर म्हणाले. मोजपट्टी त्यांनी केव्हाच पिशवीत टाकली होती.

त्यामुळे ती उडी किती होती हे कुणालाच कधी कळलं नाही. त्यावरून बहीणभावाचं जन्मभर भांडण चाललं. दादाच्या मते दांडी त्याच्या वर केलेल्या हाताच्याही वर होती, आणि वर्षं जातील तशी ती आणखी वर चढत गेली. धाकटी म्हणायची, “अरे, डोक्याच्या जरा वर असेल फार तर.” वहिनी असेपर्यंत दोघांत पंच व्हायची. “तडजोड करा आणि जेवायला बसा,” म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटी नर्सिंगच्या शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात गेली. बांबू काही ट्रंकेत मावत नव्हता. नंतर नोकरी, रात्रपाळ्या, स्वतःचा संसार, नवऱ्याचं आजारपण, मुलाचं दूर देशी जाणं. पुन्हा तिनं कधी बांबू धरला नाही आणि त्याचं फार दुःखही केलं नाही. फक्त कधीकधी वॉर्डात एखाद्या जड पेशंटला उठवून बसवताना नवीन पोरी हातांनी ओढाओढ करायला लागल्या की तिच्या तोंडून निघून जायचं, “ओढू नका गं. आधी झोका येऊ दे.” पोरींना काही कळायचं नाही. पेशंट मात्र उठून बसायचा.

मैदानावर दुसरी फेरी सुरू झाली होती. मघाची मुलगी पुन्हा पट्ट्याच्या टोकाला उभी होती. सगळ्यांत लहान तीच असावी. पिवळा शर्ट, घट्ट वेणी, आणि काठी तिच्यापेक्षा फारच मोठी. ती धावत आली आणि पुन्हा काठीला बिलगून परत खाली आली.

या खेपेला दादा उठला. धाकटीनं त्याची बाही धरेपर्यंत तो पायऱ्या उतरून कठड्याशी पोचलासुद्धा.

“लोंबकळ!” तो ओरडला. म्हातारा आवाज, पण खांबावरून खालच्या माणसाशी बोलायची सवय असलेला. “घाई करू नकोस! आधी नुसती लोंबकळ! मागचा पाय लांब!”

लोक हसले. मुलीनं बावरून वर बघितलं. तिची शिकवणारी बाई तिच्याजवळ गेली, कानात काहीतरी बोलली आणि स्वतःचा पाय मागं लांब करून दाखवू लागली. तिलाही हेच सांगायचं होतं बहुधा.

एक पहारेकरी लगबगीनं आला. “आजोबा, जागेवर बसा बघू. इथं उभं राहता येत नाही.”

“राहू द्या हो,” धाकटी मागून येत म्हणाली. “एवढी एक उडी होऊ द्या. मी आहे त्यांच्याजवळ.”

तिच्या आवाजात वॉर्डातला जुना अधिकार असावा. पहारेकरी दोन पावलं मागं सरला.

पुन्हा मुलीची पाळी आली, तिसरी आणि शेवटची. ती बराच वेळ उभी राहिली. मग धावली. काठी टेकली, वाकली, आणि मुलगी जमिनीवरून सुटली. धाकटीचे हात नकळत कठड्यावर आवळले गेले. मुलगी क्षणभर तशीच राहिली, लांब, सैल, काही न करता. मग तिचा मागचा पाय आला. सगळीच्या सगळी पोरगी त्या पायामागून वर निघून गेली, वळली, आणि दांडीवरून पलीकडे गादीत पडली. दांडी थरथरली आणि थांबली. पायऱ्यांवरच्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. दादाकडे बघून त्या हसल्या.

धाकटीनं दादाला धरून पायरीवर आणून बसवलं. त्याचा श्वास लागला होता. तिनं सवयीनं त्याच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी बघितली आणि बाटलीतलं पाणी दिलं. घोटभर पिऊन त्यानं बाटली तिच्या हातात परत दिली, आणि मग तिच्याकडे बघून फार सौजन्यानं हसला.

“त्रास झाला तुम्हाला, सिस्टर.”

धाकटी बाटलीचं झाकण लावत होती. ते दोनदा वाकडं बसलं.

“त्रास कसला,” ती म्हणाली.

“पाहिलंत ना?” त्यानं पिवळ्या शर्टाकडे बोट दाखवलं. “माझी बहीण आहे ती. धाकटी.”

“हो?”

“पाठची.”

मैदानावर ती मुलगी आपली काठी उचलून घेत होती. धाकटी तिच्याकडे बघत म्हणाली, “छान उडते हो.”

“उडते ना? हिला उडायला कुठं जागाच ठेवली नव्हती यांनी. तरी उडाली.”

“कुणी शिकवलं तिला? तुम्ही?”

जन्मभर हा प्रश्न कुणी विचारला की दादा छाती फुगवायचा. दोर, डबा, माप, सगळं पहिल्यापासून सांगायचा. आज त्यानं मान हलवली.

“छे हो. तिचं तीच शिकली. मी नुसता खाली उभा असायचो.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पण तिला सांगू नका. डोक्यावर बसेल.”

“नाही सांगत,” धाकटी म्हणाली.

स्पर्धा संपली. माणसं उठून निघाली. पुढच्या बाई आपल्या लेकीकडे धावत गेल्या. कामगारांनी दांडी उतरवली, खांब आडवे केले, गाद्यांवर ताडपत्री ओढली. भाचीचा फोन आला, ती दाराशी गाडी घेऊन उभी होती. “जरा थांब गं,” धाकटी हळूच म्हणाली. “येतोच आम्ही.”

“चला निघू या?” तिनं दादाला विचारलं.

“थांबा ना,” तो म्हणाला. “आता येईलच ती वर. ओळख करून देतो तुमची. तुमच्यासारख्या माणसांशी ओळख व्हायला हवी तिची. हुशार आहे.” त्यानं दोघांच्या मधली पायरी हातानं झाडली. “इथं बसेल ती.”

धाकटीनं मधे ठेवलेली आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि आणखी थोडी बाजूला सरकली.